ठेवणीतले डास

सकाळी साडेसहाला मी लॅबचं दार उघडते
तेव्हा सेल्मात फक्त बेकरीचा दिवा लागलेला असतो
आणि नव्व्याण्णव नंबरच्या हायवेवर टोमॅटोचे ट्रक.
आतल्या खोलीत सत्तावीस अंश, दमट,
जाळीचे बारा पिंजरे
आणि त्यांत आमचे ठेवणीतले डास.

ठेवणीतली साडी असते ना, तसेच.
वापरायचे क्वचित, जपायचे रोज.
यांच्या पणजीच्या पणजीनंही कधी औषध हुंगलेलं नाही.
साखरपाणी, कोमट रक्त,
अळ्यांना चिमूटभर लिव्हरची भुकटी.
सासूबाई फोनवर विचारतात, नक्की करतेस काय तिथं?
डास पाळते, म्हणते मी.
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.

मंगळवारी बाटल्या.
आदल्या रात्री आतून औषध फिरवून वाळवलेल्या,
दिसायला कोऱ्या.
नळीतून श्वास ओढायचा, हलकेच फुंकायचं.
पंचवीस ठेवणीतले एका बाटलीत,
पंचवीस कास्पारियनबाईंच्या परसातले दुसरीत,
तिसरीला नुसतं ॲसिटोन,
माझ्याच हातानं तर मरत नाहीत ना, हे कळावं म्हणून.

पंधराव्या मिनिटाला
ठेवणीतले पंचवीसच्या पंचवीस पाठीवर.
तिसाव्या मिनिटाला परसातले
दोन पडले.
त्यातला एक उठला,
काचेवर बसला मागचे पाय उंचावून,
निवांत.

ओडेलिया म्हणते, नसेच्या दाराचं कुलूप बदललंय,
एका अक्षराचा फरक, आपली किल्ली लागत नाही.
मी मराठीत पुटपुटते, पुरून उरलेत.
म्हणजे काय, विचारते ती.
काय सांगू?
पुरणं म्हणजे गाडणं, आणि पुरणं म्हणजे पुरे पडणं,
एकाच शब्दात दोघांची बाजू.

चौदा उन्हाळे, दर गुरुवारी, तेच औषध.
तांदूळ निवडायला बसलो होतो आम्ही,
खडे ताटात ठेवले
आणि तांदूळ फेकत गेलो.

म्हणून यंदा ट्रक शेडमध्ये. मी दारोदार.
कास्पारियनबाई एक्याऐंशीच्या, फाटकातच अडवतात:
कर भरते मी, धूर का सोडत नाही?
मग स्वतःच हसतात. लहानपणी त्या आणि भाऊ वाहान
सायकलवरून त्या पांढऱ्या ढगात घुसायचे,
आई हाका मारायची, ढगातून आई दिसायची नाही.
वाहान आता नाही. ढगाचा त्यात काही हात होता का,
त्या विचारत नाहीत. मीही सांगू शकत नाही.

तुळशीसारख्या दिसणाऱ्या रेहानच्या कुंड्या,
कुंड्यांखाली बशा, बशांत वळवळ.
मी बशी सिमेंटवर उपडी करते.
कॉफी संपेतो अळ्यांच्या जागी डागही नाही.
या मरणावर त्यांच्याकडे अजून उतारा नाही,
पण अंडी काठाला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी वाट पाहतात,
म्हणून घासणी.
उकिडवी बसून मी परक्या बाईच्या बशा घासते,
डॉक्टरेट घेऊन.
कुंपणापलीकडे द्राक्षांच्या ओळींमध्ये
कागदावर बेदाणा वाळतोय,
तोच वास, तासगावचा, जिभेच्या मागे चिकटणारा.
बाई वरून म्हणतात, ती कोपऱ्यातली राहिली.

संध्याकाळी परत पिंजऱ्यांपाशी.
बोट जाळीला लावलं की लगेच जमतात, भोळे.
कमकुवत म्हणतो आम्ही यांना अहवालात.
उद्या बाहेरचे सगळेच न पडणारे झाले
तर औषध म्हणजे मुळात किती मिनिटं,
हे सांगायला जगात एवढेच उरतील,
एका खोलीत, माझ्या साखरपाण्यावर.

टेबलावर बाटल्या धुवायच्या राहिल्यात.
तिसरीतले पंचवीस अजून उडताहेत,
धडधाकट.
त्यांना नियमाप्रमाणे फ्रीझरमध्ये ठेवते
आणि वहीत लिहिते:
मृत्यू, शून्य.